पैशाचं सोंग

दादासाहेब फाळक्यांचा 1919 चा मूकपट ‘कालिया मर्दन’ सुरू होतो, तेव्हा पडद्यावर कृष्ण नसतोच. असते एक लहान मुलगी, फाळक्यांची लेक मंदाकिनी. हसणं, रुसणं, रागावणं, एकेक भाव ती चेहऱ्यावर आणून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर अलगद कृष्णाचा साज चढतो. मुलगी विरते, देव उरतो. सोंग कुणी घेतलंय हे आधी सांगायचं आणि तरीही समोरच्याला हात जोडायला लावायचं, ही नाशिकच्या या माणसाची करामत.

यानंतर बासष्ट वर्षांनी, 1981 मध्ये, जाँ बोद्रियार या फ्रेंच विचारवंताचं प्रतिमा आणि वास्तव यांवरचं पुस्तक आलं. उत्तर-आधुनिक म्हटलं जाणारं हे लेखन भल्याभल्यांना घाम फोडतं. पण त्यातला एक दाखला आपल्या ओसरीवरचा वाटावा असा आहे. आजारी असल्याची थाप मारणारा नुसता अंथरुणात पडून राहतो. आजाराचं सोंग वठवणाऱ्याच्या अंगात मात्र खरीच लक्षणं दिसू लागतात. थाप पकडता येते, कारण तिच्यामागे खरं काय ते शाबूत असतं. सोंगाचं काय करायचं? बोद्रियारच्या मते प्रतिमेचा प्रवास असाच होतो: आधी ती वास्तव दाखवते, मग बिघडवते, मग वास्तव उरलेलंच नाही हे झाकते आणि शेवटी तिचा वास्तवाशी संबंधच राहत नाही. मूळ नसलेली नक्कल.

मराठीत ‘सोंग’ शब्दाला इतकं भिऊन राहत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देव-राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात. मुखवट्याआड गावातलाच कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं, तरी नमस्कार होतोच. उजाडलं की मुखवटा उतरतो. मातीच्या गणपतीचंही तेच. प्राणप्रतिष्ठा करून आणायचा, उत्तरपूजा करून गोदावरीत पोचवायचा. प्रतिमेत देव बोलावण्याची रीत आहे, तशी निरोपाचीही आहे.

फाळके या मुशीतले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, जादूचे खेळ करताना आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवणारे. 1911 च्या ईस्टरमध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांना त्या जागी राम-कृष्ण दिसू लागले. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि बिऱ्हाड नाशिकला आलं. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही एकाच नटाने, अण्णा साळुंकेंनी, केले. हेच साळुंके आधी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात कामाला होते. त्यांचा राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून नमस्कार करत, असं सांगतात. त्यांना भाबडं म्हणायची घाई मी करणार नाही. बोहाडा पाहिलेल्यांना सोंग ठाऊक असतं. शिवाय चित्रपट कसे तयार होतात यावरही फाळक्यांनी एक छोटी फिल्म काढली होती. म्हणजे जादूगाराने टोपीचं अस्तरही उलटं करून दाखवलेलं.

या कथेतलं ‘मूळ’ मात्र हाती लागत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा चित्रित केला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि ती रिळं 1913 ची नसून या दुसऱ्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासक मानतात. भारताचा पहिला चित्रपट म्हणून आपण पाहतो ती कदाचित त्याचीच नक्कल.

मुखवटा न उतरण्याची गोष्ट पुढे घडली. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ येऊ लागलं. घरोघरी टीव्हीला हार आणि उदबत्ती. नाशिकची पंचवटीही पुन्हा उभी राहिली, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या उंबरगावच्या स्टुडिओत. 1991 मध्ये पडद्यावरची सीता, दीपिका चिखलिया, आणि पडद्यावरचा रावण, अरविंद त्रिवेदी, दोघंही एकाच पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. मतं नक्की कुणाला पडली, हे बोद्रियारला विचारायला हवं होतं.

पण त्याचं सगळंच पटत नाही. 1991 च्या आखाती युद्धाबद्दल त्याने ‘ते झालंच नाही’ अशा थाटात लिहिलं. पडद्यावर दिसलं ते युद्ध नव्हतं, असा त्याचा रोख. नाशिकच्या माणसाने याला पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दाराशी न्यावं. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रही तिथे आले, तेव्हा दारं बंद होती. त्या रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली. मूर्ती हे प्रतीक असेल, डोक्यात बसलेला दगड नव्हता.

तरीही बोद्रियारची खरी शाळा मला पंचवटीत नाही, नाशिकरोडला भरलेली दिसते. आपली म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ज्या गावाच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, जिथे मुद्रांक छापतात, त्याच गावातून या म्हणीला तडा गेला. मूळ खानापूरचा अब्दुल करीम तेलगी. प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रं त्याने मिळवली आणि मुद्रांक छापले. यंत्र सरकारी, माल खोटा. मुद्रांक म्हणजे सरकारकडे शुल्क भरल्याची खूण. इथे शुल्क पोचलंच नाही, खूण मात्र हातोहात फिरत राहिली आणि तिच्यावर व्यवहार होत राहिले. 2001 च्या नोव्हेंबरात तो अजमेरला पकडला गेला, 2007 मध्ये 30 वर्षांची सक्तमजुरी झाली, 2017 मध्ये तो वारला. 2023 मध्ये त्याच्यावर वेबमालिका आली. आता तेलगी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मालिकेतला नट.

उलटा प्रयोगही झाला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटांवरची शाई तीच राहिली, कागद तोच, आतली तारही तीच. खरेपणात तसूभर फरक नाही. तरी बारा वाजल्यानंतर त्या दुकानात चालेनात.

परवा गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मेथी घेतली. पैसे फोनवरून पाठवले आणि हिरवी खूण उमटलेला पडदा मावशींपुढे धरला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पैसे गेल्याचा हुबेहूब खोटा पडदा दाखवणारी ॲपं निघाल्यापासून पडद्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. जुडीवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या, “थांबा दादा, डबा बोलू द्या.”

डबा बोलेना. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी उगाच फोन हलवून पाहिला. मग पाटीच्या कडेला ठेवलेल्या त्या डब्यातून एका अनोळखी बाईचा आवाज आला, वीस रुपये मिळाले. मावशींनी जुडी पिशवीत टाकली.