बालाघाटच्या दगडातली दिशा

फुटक्या स्पीकरमधला चुंबक बीडच्या बिंदुसरा नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतून फिरवला, की त्याला काळी दाढी फुटते. बारीक, चमकदार कणांचे झुपके काट्यांसारखे ताठ उभे राहतात. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. डोंगरातला बेसॉल्ट झिजला आणि त्यातलं हे खनिज वाळूत उतरलं.

कण ताठ का होतात? चुंबकाच्या क्षेत्रात आलेला प्रत्येक कण स्वतःच चुंबक बनतो. एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला धरतं आणि न दिसणाऱ्या क्षेत्ररेषांवर साखळ्या उभ्या राहतात.

याचं मूळ अणूत आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. तांब्यात किंवा लाकडात या चुंबकांचे परिणाम एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. लोखंडात मात्र काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात आणि शेजाऱ्यांबरोबर एकाच दिशेला तोंड करून गट बांधतात. साध्या खिळ्यात या गटांची तोंडं दाही दिशांना असतात. चुंबकाने तो एकाच दिशेने घासत राहिलं, की बरेच गट एकीकडे वळतात आणि खिळा टाचणी उचलतो. खूप तापवला, तर ही शिस्त मोडते.

मॅग्नेटाइटची शिस्त सुमारे ५८० अंश सेल्सिअसला मोडते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा त्याहून कितीतरी तापलेला होता. तो निवत गेला, तशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तेव्हाची दिशा त्यातल्या कणांत गोठली. बालाघाटचा डोंगर त्याच लाव्ह्याचा.

विषुववृत्ताजवळ क्षेत्ररेषा जमिनीला समांतर असतात. ध्रुवांकडे जावं तशा त्या जास्त कलतात. त्यामुळे दगडातला कल मोजला, की दगड कोणत्या अक्षांशावर निवला ते कळतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या जॉन क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडांचे असे निष्कर्ष मांडले. लाव्हा निवला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. पुढच्या मोजमापांनुसार दख्खन सुमारे ३० अंश दक्षिणेला होतं; बीड आज १९ अंश उत्तरेला आहे. हा प्रवास पाच हजार किलोमीटरहून मोठा.

ही दिशा दगड जागेवर असेपर्यंतच वाचता येते. एकदा क्रशरमध्ये त्याची खडी झाली, की चुंबकत्व उरतं, पण दिशा हरवते. म्हणून अभ्यासक नमुना कापण्याआधीच त्यावर उत्तर दिशेची खूण करतात. डोंगराच्या माथ्यावर वीज पडलेली असेल, तर तिथला दगड नव्याने चुंबकीय होऊन होकायंत्राची सुई भलतीकडे वळवतो. मग सळईची सावली आणि घड्याळातली वेळ पाहून, सूर्यावरून उत्तर दिशा ठरवावी लागते.