दम लागणे आणि दमा

धावत जाऊन बस पकडली की दम कोणालाही लागतो. पण ज्याला दमा आहे त्याला ही साधी धाप की झटक्याची सुरुवात, हे पटकन कळत नाही. म्हणून तो धावणे सोडतो, मग जिना टाळतो, पुढे बाजारची जड पिशवीही दुसऱ्याच्या हाती देतो. ही भीती कितपत खरी आहे, हे पाहू.

दोन्हींतला फरक घड्याळावर पाहता येतो. साधी धाप थांबल्याबरोबर ओसरू लागते. व्यायामाने उठणारा दमा मात्र बहुधा थांबल्यानंतर वाढतो. पाच ते पंधरा मिनिटांनी छाती सर्वांत जास्त आवळते, खोकला येतो, घरघर ऐकू येते. मग अर्ध्या-एक तासात ती हळूहळू सैल होते. कष्ट संपल्यावर त्रास वाढावा, हे चमत्कारिक वाटते. त्याचे उत्तर हवेत आणि पाण्यात आहे.

स्वस्थ बसलेले असताना आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो; पळताना हा आकडा सहज ६० लिटरवर जातो. फुप्फुसात खोल पोचेपर्यंत ही हवा ३७ अंशांपर्यंत तापवावी लागते आणि बाष्पाने संपृक्त करावी लागते. अशा एक लिटर हवेत ४४ मिलीग्रॅम पाणी असते. डिसेंबरात पहाटे नाशिकला तापमान १० अंश असेल, तर बाहेरच्या एका लिटर हवेत फार तर ९-१० मिलीग्रॅम बाष्प मावते. उरलेले सुमारे ३४ मिलीग्रॅम शरीराने पुरवायचे. म्हणजे मिनिटाला ६० लिटरच्या हिशेबाने दोन ग्रॅम! त्यातले काही उच्छ्वासात परत मिळते हे खरे. पण श्वासनलिकांच्या अस्तरावरचा पाण्याचा थर इतका पातळ असतो की तो भरून काढेपर्यंत अस्तर कोरडे पडू लागते. (हेच गणित मुंबईच्या जुलैतल्या हवेसाठी, २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरून, अकरावीच्या मुलांना जरूर करायला द्यावे. उत्तर लिटरला २१ मिलीग्रॅमच्या आसपास येते.)

पाणी उडाले की मागे उरलेल्या थरात क्षारांची तीव्रता वाढते. त्यामुळे तिथल्या मास्ट पेशी हिस्टामीन, ल्यूकोट्राईन अशी द्रव्ये सोडतात आणि नलिकेभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. दमा नसलेल्या माणसाचेही अस्तर कोरडे पडते, पण त्याच्या नलिका आधीपासून सुजलेल्या आणि चिडखोर नसतात. तेव्हा खरा दोष कष्टाचा नसून तोंडाने ओढलेल्या कोरड्या, थंड हवेचा आहे. तलावावरच्या दमट हवेत पोहणाऱ्याला पळणाऱ्यापेक्षा त्रास कमी होतो, तो यामुळेच. अर्थात क्लोरीनचा वास काहींना सोसत नाही.

आता दुसरी बाजू. नियमित व्यायामाने स्नायूंच्या पेशींत मायटोकाँड्रिया वाढतात, त्याच कामाला लॅक्टिक आम्ल कमी तयार होते, आणि म्हणून तेवढ्याच कामासाठी हवाही कमी ओढावी लागते. जिना तोच, पायऱ्या त्याच. पण अस्तर कमी सुकते. व्यायाम टाळणाऱ्याचे नेमके उलटे होते. दरवर्षी थोड्या कमी कष्टात त्याला धाप लागते, आणि दमा वाढला असे समजून तो आणखी बसून राहतो.

प्रयोग काय सांगतात? २०१३ सालच्या एका आढाव्यात आठ वर्षांपुढील ७७२ दमेकऱ्यांवरचे २१ प्रयोग एकत्र तपासले गेले. व्यायाम त्यांना सोसला, दमसास वाढला. पण फुंकून मोजलेली फुप्फुसांची क्षमता जवळजवळ होती तेवढीच राहिली. तेव्हा व्यायामाने दमा बरा होतो असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेला ब्राझीलमधील साओ पाउलो येथला अभ्यास आम्हांला अधिक बोलका वाटतो. त्यात प्रौढांच्या दोन्ही गटांना दम्याची माहिती आणि श्वसनाचे व्यायाम दिले. एका गटाने त्याशिवाय आठवड्यातून दोनदा, ३५ मिनिटे, तीन महिने ट्रेडमिलवर व्यायाम केला. या गटाच्या श्वासनलिकांचा चिडखोरपणा कमी झाला. प्राणायाम पुरेसा नाही का, असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. त्याने बरे वाटत असेल तर जरूर करावा, पण घाम आणणाऱ्या चालण्याची जागा तो घेत नाही.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने उठणारा दमा होता. त्यांनी ४१ पदके मिळवली! आपल्याकडे मात्र पाचवीत मिळालेले ‘व्यायामातून सूट’ हे प्रमाणपत्र बारावीपर्यंत चालते, आणि त्याची सवय चाळिशीतही सुटत नाही.

सुरुवात मात्र बेताने करावी. आधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे; सुमारे निम्म्या लोकांना त्याने पुढे तासभर तरी संरक्षण मिळते. थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधावा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेगाने चालणे पुरे. सर्दी-तापात, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल त्या दिवसांत व्यायाम नको. आधी डॉक्टरांना दाखवावे. तात्पुरता आराम देणारा पंप खिशात असावा; पण तो रोजच लागत असेल तर सूज आटोक्यात नाही असे समजावे. रोजच्या वापराने त्याचे संरक्षणही बोथट होते. दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढांना केवळ साल्ब्युटामोलच्या (बहुतेकांच्या ओळखीच्या निळ्या) पंपावर अवलंबून राहू नये असे सांगितले आहे. सूज कमी करणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड सोबत हवे, आणि व्यायाम सुरू झाला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.