संगणक प्रणालीचे स्थलांतर व त्यानंतर उद्भवलेल्या अडचणी : एक निवेदन

अहवाल वर्षात रुग्णालयाची सर्व माहिती देणगीतून घेतलेल्या नव्या सर्व्हरवर हलविण्यात आली. त्यानंतरचे काही दिवस जळगावच्या केसपेपर खिडकीपुढे लांब रांगा लागल्या आणि आपल्या धुळे येथील बाह्यरुग्ण केंद्रात तर प्रणालीत प्रवेशच मिळेना. पारोळा-एरंडोलकडून आलेल्या कित्येक रुग्णांची परतीची एस.टी. चुकली. ‘नवे यंत्र घेऊन साधले काय?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला. तो रास्त आहे.

प्रथम हे नमूद करतो, की रुग्णांची एकही नोंद गहाळ झालेली नव्हती. नोंदी होत्या, त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला हा प्रकार खतावणीवरून उमगला. खतावणीच्या आरंभी अनुक्रमणिका असते, म्हणून हवे ते खाते चटकन निघते. डेटाबेसमध्येही अशा सूची असतात; शिवाय कोणत्या तक्त्यात साधारण किती व कशा नोंदी आहेत याचे अंदाज प्रणाली बाळगते आणि त्यावरून शोधाचा मार्ग ठरविते. स्थलांतरानंतर हे अंदाज नव्याने तयार करावयाचे राहून गेले. परिणामी एक जुना केसपेपर काढण्यासाठी प्रणाली सारी वही पहिल्या पानापासून चाळत असे. जादा मेमरी विकत घ्यावी, अशी सूचना आली होती. कारण लेखी कळल्याखेरीज खरेदीचा आदेश निघणार नाही, असे मी कळविले. अंदाज अद्ययावत होताच त्याच यंत्रावर काम सुरळीत झाले. तो खर्च वाचला.

प्रवेशाची अडचण निराळी. कर्मचाऱ्याचे नाव डेटाबेसच्या आत असते, पण त्याचा पासवर्ड आमच्या प्रणालीत सर्व्हरच्या दाराशी वेगळा ठेवलेला असतो. डेटाबेस हलविला तरी दाराशी असलेली नोंद आपोआप सोबत जात नाही. तेच नाव पुन्हा नोंदविले तरी त्यामागील अंतर्गत क्रमांक बदलतो. म्हणून प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचा पासवर्ड अचूक असूनही त्यांना आत घेतले जात नव्हते. या जोड्या एकेक करून पुन्हा जुळवाव्या लागल्या.

धुळ्याचे कारण ऐकून मात्र मी खजील झालो. तेथील संगणकांत जुन्या सर्व्हरचाच पत्ता राहिला होता आणि तो सर्व्हर आम्ही बंद केलेला. चाचणी केवळ जळगावात, तीही रविवारी, गर्दी नसताना घेतली होती. ही चूक व्यवस्थापनाची, म्हणजे माझी आहे.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेत एप्रिल २०१८ मध्ये असेच घडले. ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर नीट पोहोचली, पण प्रणाली कोलमडली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. दोनपैकी एकाच माहिती केंद्रावर भाराची चाचणी झाली होती, असे चौकशीत आढळले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. एवढ्या मोठ्या बँकेचेही तेच झाले, हे वाचून समाधान वाटले असे मी म्हणणार नाही.

त्या दिवसांत जुन्या हस्तलिखित रजिस्टरांनी आम्हांस तारले. ती बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेतला आहे. यापुढील प्रत्येक बदलाची चाचणी धुळ्यातही, सोमवारच्या गर्दीच्या वेळी होईल आणि जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवला जाईल.

त्या काळात देणगी देऊन ज्यांना अद्याप पावती मिळालेली नाही, त्यांनी कृपया लेखा विभागाशी संपर्क साधावा. हस्तलिखित नोंदींवरून पावती तत्काळ देण्यात येईल.