नकाशात आपला झरा कुठं आहे?

परवा वेल्ह्याकडच्या एका वाडीवर बचत गटाच्या बैठकीला गेले होते. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हेच बसलंय!) हिशेब झाला, चहा झाला, तेवढ्यात एका तरुण सुनेनं मोबाईलवर उपग्रहातून दिसणारं गाव दाखवलं. मग काय, आपापलं घर, शाळा, देऊळ शोधायला सगळ्या गोळा झाल्या. एक आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समदं दिसतंय गं, पर आपला झरा कुठं हाय ह्यात?"

झरा दिसतच नव्हता. झाडीखाली दडलेला. पण चैत्र-वैशाखात नळ कोरडा पडला की अख्खी वाडी त्याच झऱ्यावर जगते.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, नकाशात झरा नसला म्हणून काय बिघडलं? बिघडतं! पुणं वाढत वाढत आपल्या दाराशी आलंय. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएमआरडीए, स्थापन झालं. त्याच्या हद्दीत भोर आणि वेल्ह्याचाही काही भाग येतो. कुठे वस्ती वाढवायची, कुठून रस्ता न्यायचा, कुठे शेतीच ठेवायची, हे ठरवायला आता 'जीआयएस' या संगणकीय नकाशाची मदत घेतात.

हे काही फार अवघड नाही. भरतकामाचा नमुना उतरवताना आपण ट्रेसिंग पेपर ठेवतो ना? तसे एकावर एक कागद कल्पा. एकावर नद्या-ओढे, दुसऱ्यावर डोंगराचा चढ, तिसऱ्यावर जंगल, चौथ्यावर रस्ते. मग प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे, जसे मुलीसाठी स्थळ बघताना आपण शिक्षण, नोकरी, घरची माणसं यांना मनातल्या मनात देतो. गुणांची बेरीज संगणक करतो, पण कशाला किती गुण द्यायचे हे माणूसच ठरवतो. रस्त्याच्या सोयीला जास्त गुण दिले, तर एखादी जागा प्लॉटिंगला उत्तम ठरेल. पाण्याला जास्त दिले, तर तीच जागा राखून ठेवावीशी वाटेल. आणि झऱ्याचा कागदच नसेल, तर त्याला गुण कोण देणार?

या साधनांचा उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. चढ, माती आणि पाऊस यांचे कागद एकत्र ठेवले की धोक्याच्या जागा आधी ओळखायला मदत होते. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, तीही अशाच मोजमापातून.

पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला, तेव्हा त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. पुढे २०२५ मध्ये शासनाने तो रद्दच केला. म्हणजे लोकांनी लिहायचं असतं, आणि ते लिहितातही. पण आपल्यापैकी कितीजणींनी असा नकाशा पाहिलाय? पाणी कुठून येतं, कुठला ओढा पावसाळ्यात रस्त्यावर चढतो, अंधारात कुठल्या वाटेनं जायची भीती वाटते, हे तर आपल्यालाच जास्त ठाऊक!

राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क दिलाय. त्याला मुदत असते, म्हणून तयारी आधीच हवी. गट नंबर लिहा, आपलं म्हणणं साध्या मराठीत मांडा, फोटो जोडा, अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे झरे, पाणवठे, वाटा यांची यादी करून ठराव मांडा.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही सगळ्या झऱ्यावर गेलो. सुनेनं तिथे उभं राहून मोबाईलच्या नकाशात खूण केली. आजींनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि विचारलं, "आता सायबाला दिसंल न्हवं?"

नुसत्या खुणेनं दिसणार नाही, आजी. पुढच्या सभेत आपल्याला बोलावं लागेल.