दाभोळीचे सी हॉक

शाळेची सहल म्हणजे मुलांना सण आणि मुख्याध्यापकाला परीक्षा, असे आम्ही नेहमी म्हणतो. यंदाच्या सहलीत मात्र आमची खरोखरच परीक्षा झाली, आणि ती घेतली आमच्याच शाळेतील सातवीच्या एका मुलीने. त्या परीक्षेत आम्ही पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो नाही, हे प्रांजळपणे सांगावे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मार्गशीर्षातील एका पहाटे जांबोटीमार्गे चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही गोव्यात शिरलो. मंगेशीचे दर्शन झाले, जुन्या गोव्याची भव्य चर्चेस पाहून झाली, आणि तिसऱ्या प्रहरी वास्कोजवळील बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान-संग्रहालय आहे तेथे आमची बस थांबली. हे संग्रहालय १९९८ साली उघडले. आत दालनांमध्ये शस्त्रे, इंजिने आणि विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती आहेत. बाहेर उघड्या आकाशाखाली निवृत्त विमाने ओळीने उभी आहेत. त्यांत एक अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी वाहणाऱ्या या विमानाचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी, असे सांगताच मुलांना मोठी मौज वाटली. पण त्यांचे पाय रेंगाळले ते एका लहानशा लढाऊ विमानापाशी. ते म्हणजे सी हॉक, समुद्रावरचा ससाणा.

आमच्या भागातील मुलांना सैन्य नवे नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण चालते, आणि घरटी एखादा फौजी नसेल असे गाव विरळाच. त्यामुळे आम्हीही थोडी तयारी करून गेलो होतो. विमानापुढे मुलांना अर्धवर्तुळात उभे करून आम्ही बोलू लागलो.

सी हॉक हे इंग्लंडच्या हॉकर कंपनीच्या आराखड्यावरून बनलेले, एकाच वैमानिकाचे जेट विमान. त्याच्या मूळ नमुन्याने १९४७ साली पहिले उड्डाण केले. लांबी जेमतेम चाळीस फूट, नाकात वीस मिलिमीटरच्या चार तोफा आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या वर. इंजिन पोटात एकच, परंतु त्याचा झोत शेपटीतून बाहेर न पडता दुभंगून पंखांच्या मुळांपाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या भागात इंधनासाठी जागा मोकळी राहिली. जहाजावर दाटीवाटीने उभे करता यावे म्हणून पंख वर दुमडता येतात. शेपटीखाली एक आकडा असतो. जहाजावर उतरताना तो आकडा आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला, तरच एवढ्या वेगाचे विमान काही पावलांत थांबते. नाही तर वैमानिकाला त्याच क्षणी पुन्हा उड्डाण करावे लागते. ‘विक्रांत’ची धावपट्टी होती अवघी दोनशे मीटरच्या आसपास, आणि तीही लाटांवर हलणारी. १८ मे १९६१ रोजी त्या धावपट्टीवर पहिले सी हॉक उतरवले राम ताहिलियानी यांनी. पुढे ते भारतीय नौदलाचे प्रमुख झाले. १९६४ पासून ‘आय.एन.एस. हंसा’ हा नौदलाचा तळ याच दाभोळीच्या पठारावर आहे, तेव्हा हे विमान आज आपल्या जुन्या घराच्या दारातच उभे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग आम्ही १९७१ च्या युद्धाकडे वळलो. ४ डिसेंबर हा नौदल दिन आपण पाळतो तो त्या रात्रीच्या कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ. पण त्याच दिवशी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात, ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले चढवले. पुढील दिवसांत खुलना आणि मोंगला ही ठिकाणेही त्यांनी गाठली. तेथील एकही सी हॉक शत्रूला पाडता आले नाही. ‘पांढरे वाघ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पथकाचे नेते संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले, तसेच जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश यांनाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचे व्याख्यान चांगले झाले, असे आम्हांलाही वाटले.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, “गुरुजी, ह्यानं माणसं मारली काय?”

विचारणारी मुलगी आमच्या शाळेतील अबोल मुलींपैकी एक. तिचे वडील सैन्यात आहेत. आम्ही गडबडलो. “अगं, युद्धात तसे होतेच,” एवढेच पुटपुटून आम्ही मुलांना पुढच्या विमानाकडे वळवले. मुलगी काही बोलली नाही, पण जाताना तिने मागे वळून त्या विमानाकडे पाहिले. आम्हीही पाहिले. ताजा रंग दिलेले, नीटनेटके उभे केलेले ते विमान आम्हांला प्रथमच जत्रेतल्या खेळण्यासारखे भासले.

त्या रात्री एका देवस्थानाच्या अग्रशाळेत मुले झोपी गेली, पण आमचा डोळा लागेना. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात उघड्यावर उभे असलेले विमान टिकवायचे, तर त्याला वरचेवर रंग द्यावाच लागतो. तो द्यावा, देणाऱ्यांचे आभारच मानावेत. मात्र त्या रंगाखाली काजळी, ओरखडे आणि घाम हे सारे झाकले जाते. ते उलगडून सांगण्याचे काम विमान करू शकत नाही. ते आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचे काम, आणि नेमके तेच आम्ही टाळले होते.

आम्ही मुलांना काय काय सांगितले नव्हते? १९७१ साली ‘विक्रांत’च्या चार बाष्पकांपैकी एकाला तडे गेले होते, हे सांगितले नव्हते. जहाजाचा वेग त्यामुळे बराच घटला होता. विमान हवेत फेकणाऱ्या यंत्रालाही वाफच लागते, आणि समोरून पुरेसा वारा मिळावा म्हणून जहाजाला धावावेही लागते. अशा स्थितीत तळच्या मजल्यावर, तापलेल्या यंत्रांपाशी धोका पत्करून राबणारे कामगार नसते, तर वर एकही ससाणा उडता ना. विमानेही ऐन तारुण्यातली नव्हती. ब्रिटिश नौदलाने आपल्या पहिल्या फळीतून ती १९६० सालीच काढून टाकली होती. आपल्या ताफ्यातील काही तर दुसऱ्यांनी वापरून झालेली, इंग्लंड व पश्चिम जर्मनीकडून घेतलेली होती. त्यांची निगा राखणाऱ्या तंत्रज्ञांची नावे आपल्या ओठांवर नाहीत.

आणि पलीकडची बाजू? ‘विक्रांत’च्या मागावर निघालेली पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. तिच्यावरील एकही जण वाचला नाही. सी हॉकचे लक्ष्य विमानतळ, धक्के आणि बंदरातील जहाजे हे होते खरे, पण धक्क्यावर माणसे असतात, जहाजावर खलाशी असतात. शिवाय चितगाव काय आणि खुलना काय, ज्यांच्या मुक्ततेसाठी हे युद्ध चालले होते, त्या बंगाली लोकांचीच ती गावे. त्याच लोकांपैकी सुमारे एक कोटी माणसे जीव मुठीत धरून आपल्या देशात आली होती, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरणे मोठ्यांनाही जड जाते, म्हणून आपण मुलांना सोयीची तेवढी अर्धीच गोष्ट सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर आम्ही सर्व मुलांना पुन्हा एकत्र बसवले. “काल एका प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही,” अशी सुरुवात करून वरचे सारे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितले. शेवटी त्या मुलीला म्हणालो, “होय बाळ, त्या हल्ल्यांत माणसे मेली. ते हल्ले करावे लागले, असे आम्ही मानतो. पण मेलेल्यांनाही घरी मुले होती, हे विसरून टाळ्या वाजवणे बरे नव्हे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांना विचारू काय?”

“जरूर विचार. त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.”

शिमग्याला तिचे वडील रजेवर आले, तेव्हा शाळेत येऊन भेटले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना दारात थांबून ते म्हणाले, “गुरुजी, पोरगी विचारत होती. सांगितलं मी तिला.” काय सांगितले, हे आम्ही विचारले नाही.

आपल्या सीमाभागातून गोवा काही दूर नाही. बोगमाळोला जाल तेव्हा मुलांना सी हॉकपाशी अवश्य न्यावे. १९८३ च्या सुमारास ही विमाने निवृत्त झाली, पहिली ‘विक्रांत’ २०१४ साली मोडीत निघाली, आणि २०२२ पासून त्याच नावाचे, आपल्याच देशात बांधलेले नवे जहाज सागरावर आहे. ‘पांढरे वाघ’ हे पथकही नव्या विमानांसह आजही आहे. अभिमान वाटावा असेच हे सारे आहे. विमानासमोर मुलांचे छायाचित्र घ्यावे, त्यांना चार तोफा आणि दुमडणारे पंख दाखवावेत. मात्र एखाद्या मुलाने नको तो प्रश्न विचारलाच, तर आमच्यासारखे पुढच्या विमानाकडे वळू नये. तेथेच थांबून उत्तर द्यावे.