न दुखणारे पाऊल

मानवी देहातील २०६ हाडांपैकी ५२ हाडे, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश, दोन पावलांत सामावलेली असतात. एवढी नाजूक रचना आयुष्यभर देहाचा भार वाहते; तरीही दात ठणकला की दंतवैद्याकडे धाव घेणारा माणूस पाऊल दुखू लागले की तेल चोळून स्वस्थ बसतो. ब्रिटन-अमेरिकेत केवळ पावलांची चिकित्सा करणारे पोडियाट्रिस्ट, अर्थात पादचिकित्सक, हा स्वतंत्र व्यवसाय आहे. भारतात असे तज्ज्ञ मोजकेच असून त्यांचे काम बहुधा अस्थिरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि मोठ्या रुग्णालयांतील मधुमेही पादचिकित्सा विभाग करतात.

सर्वाधिक आढळणारी तक्रार टाचदुखीची. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिलेच पाऊल कळ आणते आणि चार पावले चालल्यावर ती ओसरते. तळव्यातील टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा चिवट पट्टा ताणला गेल्याचे हे लक्षण होय. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले की रुग्ण शस्त्रक्रियेच्या धास्तीने खचतो. वस्तुतः असे वाढलेले हाड काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या टाचेतही सापडते. पोटरीचे व तळव्याचे ताण देणारे व्यायाम, टाचेला आधार देणारी पादत्राणे आणि थोडा धीर, एवढ्यावर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात.

पादचिकित्सक रुग्णाच्या पावलाइतकेच त्याच्या जोड्यांकडेही लक्ष देतो. हिशेबतपासनिसाने खतावणी वाचावी, तसा तो झिजलेला तळ वाचतो. कुरूप झाले असेल, तर घट्ट झालेली कातडी पात्याने अलगद तासून काढतो; पण दाब देणारा जोडा बदलला नाही, तर ते पुन्हा उद्भवणारच.

खरी चिंता आहे ती न दुखणाऱ्या पावलाची, आणि या बाबतीतला मोलाचा धडा जगाला भारतातून मिळाला. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कार्यरत होते. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. संवेदना हरपल्यामुळे रुग्ण जखमी पावलावरही चालत राहतो आणि दुर्लक्षित जखमाच अखेर पाऊल गिळतात, हे त्यांनी दाखवून दिले. जखमेला प्लास्टरमध्ये विश्रांती आणि पुढे सूक्ष्मछिद्री मऊ रबराची पादत्राणे, हा त्यावरचा उपाय. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले. तेथे हेच तत्त्व मधुमेहींच्या बधिर पावलांनाही लागू पडले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहात पावलांतील चेतातंतू क्षीण होतात, रक्तपुरवठाही मंदावतो. मग उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी घातलेल्या प्रदक्षिणेने किंवा जोड्यात अडकलेल्या खड्याने झालेली जखम घरी कुणी पाहीपर्यंत कळतही नाही. ती चिघळली, तर पाऊल कापण्याची वेळ येते.

हे टाळणारी तपासणी काही मिनिटांची व वेदनारहित असते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून स्पर्श जाणवतो का ते पाहतात, पावलावरील नाडी चाचपतात आणि बोटांच्या बेचक्या निरखतात. मधुमेहीने वर्षातून किमान एकदा ती करून घ्यावी. घरी मात्र तळवे रोज पाहावेत, वाकणे जमत नसल्यास आरशात. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असते, त्या वापरू नयेत. नखे सरळ कापावीत. पाणी कितपत गरम आहे, याची परीक्षा पायाने नव्हे, कोपराने करावी. दिवसभरात पावले किंचित सुजतात, म्हणून नवे जोडे संध्याकाळी घ्यावेत. आणि जखम दिसली, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.