एका शून्याची गोष्ट

शून्याला किंमत नसते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दहाच्या डावीकडे आणखी एक शून्य मांडले, तरी दहाचे दहाच! पण परवा संगणकाच्या व्यवसायातला माझा पुतण्या फराळाला आला, आणि चकली मोडता मोडता म्हणाला, “काका, आमच्या पायथॉन भाषेत पूर्वी ०१० लिहिले, की त्याचे आठ होत!”

मी चकितच झालो. मग त्याने उलगडा केला. जुन्या संगणकांवर दहादहांऐवजी आठआठांचे गट करून मोजणे सोयीचे असे. त्या मोजणीत १० म्हणजे आठांचा एक गट आणि वर काही नाही, म्हणजे आठच. या मोजणीची खूण म्हणून ‘सी’ भाषेत आकड्याआधी शून्य लिहीत. गिदो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथॉननेही तीच खूण उचलली. आता एखाद्याने आकडे सरळ रांगेत दिसावेत म्हणून १०० च्या खाली ०१० लिहिले, तर यंत्र मुकाट्याने आठ धरी. चूक झाल्याचे अवाक्षरही काढीत नसे!

डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तीत ही रीत रद्द झाली. आता ०१० लिहिले, की यंत्र तेथेच अडून बसते. आठांची मोजणी हवी असेल त्याने शून्यापुढे इंग्रजी ‘ओ’ लिहायचा. अशा अनेक बदलांमुळे जुने पुष्कळसे लिखाण दुरुस्त करावे लागले. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थेट १ जानेवारी २०२० पर्यंत चालली.

“लोकांनीच जपून लिहावे की! भाषा कशाला बदलायची?” मी मास्तरी सुरात विचारले.

“शहाणी माणसेही त्याच खड्ड्यात पडत असतील काका, तर दोष चालणाऱ्याचा की रस्त्याचा?”

मी गप्प झालो. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. ‘विद्यार्थीमंडळ’ या शब्दाखाली माझी तांबडी रेघ. नियमाप्रमाणे तेथे ‘विद्यार्थिमंडळ’ अशी पहिली वेलांटी हवी. वीस वर्षे तिच्यासाठी मी अर्धा गुण कापीत आलो आहे. १९६२ च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ही वेलांटी मात्र राहिली.

नियम बदलणे माझ्या हाती नाही. पण सुट्टीनंतर पहिल्याच तासाला तो फळ्यावर मांडून समजावणार आहे. कारण वीस वर्षांत मी तो एकदाही शिकवला नव्हता; नुसते गुण कापले होते!